एकटीला विचारलेला प्रश्न

आजारी बन्सीसाठी थोरल्या भावाची, बद्रीनाथची, किडनी घेता येणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशीच करमाडच्या औताड्यांच्या घरात सगळ्यांच्या माना बहिणीकडं, आशाबाईकडं वळल्या. ती तेव्हा तिथं नव्हतीसुद्धा. पैठणजवळ सासरी, मोसंबीच्या बागेत खुरपं घेऊन बसली होती. आई सरूबाई म्हातारी, तिला साखरेनं आधीच पोखरलेलं. बन्सीची बायको द्वारका एका पायावर तयार, तर तिचा रक्तगट जुळेना. आणि थोरला बद्रीनाथ अख्ख्या गावाला सांगून, मारुतीला नारळ फोडून तपासायला गेला, तो मान खाली घालून परत आला. "माझी चालत नाय म्हनं," एवढंच बोलला आणि गोठ्याकडं निघून गेला. मग राहिलं कोण? रक्ताचं असं एकच माणूस राहिलं, नि ते दुसऱ्याच्या घरी दिलेलं होतं.

तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. "आशीला बोलवा," सरूबाई म्हणाली, आणि आशाबाई आली. रक्त तपासलं, लघवी तपासली, पोटाचे फोटो काढले, सगळं जुळत गेलं. दर तपासणीला सरूबाई देवाला हात जोडायची आणि आशाबाईचा नवरा सांडू आणखी थोडा गप्प व्हायचा.

आज शेवटचं बोलणं होतं. डॉ. पद्मजा सेलूकरांचा दवाखाना शहरात, जालना रोडच्या आतल्या गल्लीत. खाली तपासणी, वरच्या मजल्यावर डायलिसिसची मशीनं. सकाळीच बाकं भरून गेली होती. जालन्याचे, बीडचे, पार बुलढाण्याकडचे लोक. कुणाचे पाय सुजलेले, कुणाचं तोंड राखेसारखं, कुणाच्या हाताची शीर दोरखंडागत फुगलेली. इथली माणसं एकमेकांना नावानं नाही तर मशीननं ओळखत. "खिडकीजवळच्या मशीनचे काका आज दिसले नाहीत," असं कुणीतरी म्हणायचं आणि मग त्या बाकावर थोडा वेळ कुणी बोलायचं नाही.

काउंटरच्या आत वच्छलाबाई बसायची. डॉक्टरीणबाईंकडं जायची वाट तिच्या काट्यावरून होती. प्रत्येकाला ती वजनाला उभं करायची.

"पानी किती पिलं काका?"

"घोटभरच."

"खरं बोला. काटा कुणाची भीड धरत नाय."

काका ओशाळून हसले. तहान मारून जगणारी माणसं ती. त्यांना रागवायचा हक्क तिला आहे हे त्यांनाही मान्य होतं.

औताड्यांचं बिऱ्हाड भिंतीकडच्या बाकावर होतं. मधे सरूबाई, तिला चिकटून द्वारका, आणि बद्रीनाथ उभा. बन्सीला वर मशीनवर घेतलं होतं. आशाबाई बाकाच्या टोकाला बसली होती. सांडू मात्र दाराजवळ, परक्या माणसांत बसला होता.

"जावईबापूंना हिकडं बोलव की," सरूबाई म्हणाली.

"राहू दे माय," आशाबाई म्हणाली. "त्यांना तिथं वारा लागतो."

"वाऱ्याचं नाय ते." बद्रीनाथचा आवाज नको तेवढा मोठा होता. "सख्ख्या मेव्हण्याचा जीव चाललाय, आन् दाजींचं तोंड बघ. आपन जनू वाटनी मागायला आलोय."

सांडूनं ते ऐकलं. तो उठला, सावकाश जवळ आला.

"वाटनीच हाय ही, बद्रीभाऊ. माझ्या घरच्या बाईच्या अंगातली."

"माझी चालली असती तर तुमच्या दारात आलोच नसतो!"

"तेच म्हनतो मी. एवढा तालमीतला गडी तुम्ही. आजवर गोळी खाल्लेली ठाऊक नाय. काय निघालं असं तुमच्यात?"

बद्रीनाथ वळून वजनाच्या काट्याकडं बघू लागला. द्वारकानं पदराचं टोक तोंडात धरलं. "दाजी, पाया पडते तुमच्या," ती पुटपुटली, "इथं नगा."

तेवढ्यात वच्छलाबाईनं हाक मारली. "आशाबाई! आत चला."

सगळेच उठले. वच्छलाबाई दारात आडवी झाली. "एकटी. देणारं मानूस एकटंच आत जाईल."

"मी थोरला भाऊ हाय तिचा," बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय, ओळखते की. तुम्ही आत गेलात तव्हा तुमच्यासंगं कुनाला सोडलं होतं का?"

बद्रीनाथ मागं सरला. असा झटक्यानं सरला, की आशाबाईला त्याचं नवल वाटलं.

आत गारवा होता. डॉक्टर पद्मजा पन्नाशीच्या पुढच्या, केस पांढरे, आवाज बारीक. बाहेर शंभर माणसं खोळंबलेली असताना त्या अशा बसल्या होत्या, की जणू आज त्यांना दुसरं कामच नाही. त्यांनी आशाबाईला किडनी कुठं असते, कशी काढतात, किती दिवस दुखेल, पुढं जन्मभर काय जपावं लागेल, सगळं सांगितलं. काही जणांना त्रास होतो, हेही लपवलं नाही. मग चष्मा काढून ठेवला.

"आता मला सांगा, तुम्हाला द्यायची आहे का?"

"माझा भाऊ हाय त्यो," आशाबाई म्हणाली.

"ते मला माहीत आहे. मी ते नाही विचारलं."

"घरच्यांनी ठरिवलंय."

"तेही माहीत आहे. तुमचं काय?"

 लग्न ठरलं तेव्हा, शाळा सुटली तेव्हा, थोरलीच्या पाठीवर दुसरी पोर झाल्यावर ऑपरेशन करून घेतलं तेव्हा, हा प्रश्न तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. आता आला, तर त्याचं उत्तर कुठून काढायचं तेच तिला कळेना. डोळे मात्र भरून आले, आणि त्याचा तिला राग आला.

डॉक्टरीणबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "हे बघा आशाबाई. बन्सी माझा पेशंट आहे. पण या खुर्चीत बसलात की तुम्हीही माझ्या पेशंट. तुम्ही नाही म्हणालात तर मी बाहेर जाऊन एवढंच सांगेन, की यांची किडनी घेता येणार नाही. कारण मी कुणालाही सांगत नाही. तुमच्या आईला नाही, भावाला नाही, नवऱ्यालाही नाही. तुमच्यावर बोल येणार नाही."

आशाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. यांची किडनी घेता येणार नाही. हेच शब्द. बद्रीनाथच्या वेळीही घरच्यांना एवढंच सांगितलं होतं, कारण नाही. दारातून झटक्यानं मागं सरलेला तो भाऊ तिच्या डोळ्यांपुढं आला.

"बद्रीदादालाबी असंच…"

"या खोलीत कोण काय बोललं ते या खोलीतच राहतं," डॉक्टरीणबाई तिला पुढं बोलू न देता म्हणाल्या. "तुमचंही राहील."

"मला जरा येळ द्या. बन्सीला बघून येते."

"द्या म्हणजे काय, घ्या. आणि एक. तुम्ही हो म्हणालात तरी तुमच्या नवऱ्याची संमती लागेल. परवानगी देणाऱ्या समितीपुढं त्यांनाही बसावं लागतं. ते नाही म्हणाले तर गोष्ट तिथंच थांबते."

जिन्याच्या पहिल्याच वळणावर बद्रीनाथनं तिला गाठलं. तो मागोमाग आला होता.

"काय म्हनल्या त्या? काय इचारलं तुला?"

आशाबाई कठड्याला धरून उभी राहिली. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा भाऊ हा. त्याच्या कपाळाला घाम फुटला होता.

"तुला इचारलं तेच इचारलं, दादा."

 त्याचे खांदे उतरले, जसं पोतं खाली ठेवल्यावर हमालाचे उतरतात. तो पायरीवर बसला.

"कुनाला सांगितलं का त्यांनी?"

"त्यांनी काय सांगितलं नाय. तुझ्या तोंडावर वाचलं मी."

"मी व्हयच म्हननार होतो आशे. मारुतीची आन." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्या बाईनं इचारलं, तुम्हाला द्यायची हाय का, आन् माझ्या तोंडातून नाय निघून गेलं. माझं मलाच खरं वाटंना. बाहेर येऊन सांगावं म्हनलं, की चुकलं, मी देतो. पर पाय उचलंना. ते कापनं, ते पोट फाडनं… बैल उधळला तर मी पुढं जातो, सापाला हातानं धरतो. पर हे मला होईना. मायला कळलं तर ती मला तोंड दावायची नाय."

वरून एक म्हातारा भिंत धरत उतरत होता. दोघं भाऊ-बहीण अंग चोरून उभे राहिले, त्याला वाट दिली. तो पार खाली गेला, तसा बद्रीनाथ पुन्हा पायरीवर बसला.

आशाबाईला त्याला बोल लावायचा होता. एवढा मोठा आवाज करून सांडूच्या अंगावर जातोस, लाज नाही वाटली, असं विचारायचं होतं. पण आत्ताच, त्याच खुर्चीत, तिच्याही जिभेवर ते 'नाय' येऊन बसलं होतं. ते तिला ठाऊक होतं.

"मायला मी सांगायची नाय," ती म्हणाली. "ऊठ. तोंड धू."

वर खोलीभर मशीनं घूं घूं करत होती. बन्सी डोळे मिटून पडला होता. त्याच्या हाताला दोन नळ्या लावलेल्या, त्यांतून त्याचंच रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. अडतिशीचा भाऊ साठीचा दिसत होता. ओठांना भेगा पडलेल्या.

"आक्का," तो डोळे न उघडताच म्हणाला. "तुझ्या पायांचा आवाज हाय."

ती स्टुलावर बसली. तिनं त्याचं बोट धरलं.

"बन्सी, एक इचारते. खरं सांग. तुला पायजे का माझी किडनी?"

त्यानं डोळे उघडले. "असं का इचारतीस?"

"मला इचारलं आज. मंग वाटलं, तुला तर कुनी इचारलंच नसंल."

बन्सी छताकडं बघत राहिला. "नाय इचारलं. द्वारका तिची देती म्हनली, दादा त्याची म्हनला, माय तुझी म्हनली. मी आपला पडून ऐकायचो. एखादा नांगर शेजाऱ्याकडून मागून आनावा तसं चाललेलं. मला लाज वाटायची. वाटायचं म्हनावं, नगं मला कुनाचं काय."

"मंग आता म्हन."

 गालावरून पाणी उशीवर उतरलं. पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. आशाबाईनं पदरानं पुसलं.

"म्हनवत नाय," तो म्हणाला. "मला जगायचंय आक्का. पायजे मला. पोटभर पानी प्यायचंय. पर तू नाय म्हनलीस तरी मी तुला काय म्हनायचो नाय. मेल्यावरबी नाय."

"गप," ती म्हणाली. 

सांडू दवाखान्याबाहेर, चहाच्या गाड्यापाशी उभा होता. हातातला चहा तसाच निवलेला. ती आली तसा त्यानं कप गाड्यावर ठेवला.

"झालं बोलनं?"

"झालं." आशाबाई त्याच्याशेजारी भिंतीला टेकली. मग तिनं डॉक्टरीणबाईंचा प्रश्न सांगितला. झाकून नेते म्हणाल्या, तेही सांगितलं.

सांडू कान देऊन ऐकत होता. शिकलेला नव्हता, पण मोसंबीचं झाड आतून वाळतंय हे पानावरून ओळखणारा गडी तो. तिचं बोलणं संपायच्या आतच त्याची नजर बदलली.

"म्हंजी बद्रीभाऊ नापास झालाच नाय."

 आईला सांगणार नाही असा शब्द आशाबाईनं दिला होता. नवऱ्याला सांगायचं की नाही, ते काही ठरलं नव्हतं. आत्ता 'नाय ओ, त्याच्यात दोष निघाला' म्हटलं तर सांडू आज ना उद्या वाकला असता. खरं सांगितलं तर बन्सीची आशा संपली, हे तिला समोर दिसत होतं. तरी ती म्हणाली, "नाय झाला. भ्याला."

"आन् वर माझ्याच अंगावर येतोय! सोताचं कातडं वाचवलं, आन् बहिनीला पुढं केलं!" सांडू दाराकडं निघाला. तिनं त्याचं मनगट धरलं. भर रस्त्यात, चारचौघांत तिनं नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. तो थबकला.

"मलाबी भ्या वाटतं," ती म्हणाली. "दादाच्या भ्याचं मी काय बोलू? माझंबी तेच."

"मंग नाय म्हन. ती बाई झाकून नेती ना?"

"नेईल. पर बन्सी झाकता यायचा नाय मला." तिनं हात सोडला नाही. "आतापातूर समदे मला धरून नेत होते. आज इचारलं, तव्हा कळलं मला द्यायची हाय. भ्या वाटतं, तरी द्यायची हाय. तुम्ही नाय म्हनलात तर होयाचं नाय. तुमच्यापशी खोटं बोलून व्हय घेतलं असतं, तर त्या टेबलावर मला पडवलं नसतं."

सांडू रस्त्याकडं बघत राहिला. करमाडकडं निघालेली एस.टी. मुख्य रस्त्यावरून गेली. पोरी काय करतील, बाईला काही झालं तर, हे सगळं तो महिनाभर बोलला होता. आता त्यातलं काहीच बोलला नाही.

"लई दुखंल का?" त्यानं विचारलं.

"दुखंल म्हनल्या. मंग थांबंल."

"आपल्या पोरी मोठ्या हायेत," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "भाकरी मलाबी थापता येती. जाड होती, पर येती."

तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. तिनं तोंड वळवलं.

दोघं आत आले तेव्हा बाकावरचे सगळे ताठ झाले. बद्रीनाथ ओल्या तोंडानं खांबाला टेकून उभा होता. सांडूला येताना बघून त्यानं आशाबाईकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. सांगितलंय, हे त्याला कळलं.

सांडू थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. द्वारका घाबरून उठली.

"मी समितीपुढं व्हय म्हनतो," सांडू म्हणाला. "पर माझी एक अट हाय."

"अट?" सरूबाईचा आवाज चढला.

"ही घरी आल्यावर तीन म्हैने हिला वाकायचं नाय. मला तिच्यापशी राहावं लागनार. तवर माझी मोसंबी बद्रीभाऊनं बघायची. आमच्याकडं लाइट रातची येती. रोज रातच्याला उठून मोटार चालू करायची, बारं धरून झाडांना पानी द्यायचं. गडी लावायचा नाय. सोता यायचं."

हॉलमध्ये आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. सरूबाईनं कपाळावर हात मारला.

"जावईबापू, काय म्हनावं तुम्हाला! पोर तिथं मरनाच्या दारात, आन् तुम्ही बागेचा सौदा मांडता? तीस वर्षं माझ्या लेकीनं ह्या मानसासंगं काढली! त्यो बद्री, बिचारा, सोताची देयाला गेला व्हता, देवानं त्याला दिली नाय, आन् तुम्ही त्यालाच गडी करता?"

आशाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "माय, तुला काय ठाव…" ती पुढं झाली. सांडूनं तिच्याकडं बघितलं. मान हलवली, एवढीशीच. राहू दे, असं त्या मानेनं सांगितलं. आशाबाई जागच्या जागी थांबली. तीस वर्षांत तिनं या माणसाला जेवढं ओळखलं होतं, त्याहून तो मोठा निघाला होता, आणि हे या हॉलमध्ये फक्त दोघांना कळत होतं. दुसरा तिचा भाऊ होता.

बद्रीनाथनं खांबाचा आधार सोडला.

"माय, तू त्यांना बोलू नगस," तो म्हणाला.  "दाजी बराबर बोलत्यात. मी येतो. ही उठून हिंडाय लागेपातूर तिथंच राहतो." मग थोडं थांबून, सांडूच्या डोळ्यांत न बघता त्यानं विचारलं, "स्टार्टर कुठं बसवलाय?"

"विहिरीच्या अलीकडं, पत्र्याच्या पेटीत. पेटीत विंचू निघत्यात. हात घालायच्या आधी काठीनं हलवायची."

"हलवीन."

"आन् खालच्या वाफ्याला पानी लई सोडायचं नाय. मुळ्या सडत्यात."

"बरं."

सरूबाई अजून पुटपुटत होती. द्वारका आशाबाईच्या खांद्यावर डोकं टेकून मूक रडत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवताना आशाबाईचा दुसरा हात नकळत आपल्या कुशीवर, बरगड्यांच्या खाली गेला होता.

काट्यावर एका बाईला उभं करून वच्छलाबाईनं मान वर केली. "आशाबाई, डॉक्टरीणबाई इचारत्यात. आत येताय का?"

"येते," आशाबाई म्हणाली. "हेबी येत्यात."

वच्छलाबाईनं दोघांकडं बघितलं आणि दार उघडून धरलं.